भाऊचं बिननावाचं भिंग

भाऊ,

तेराव्याला आलेली माणसं काल दुपारच्या गाडीने गेली. आता घरात वहिनी, मी आणि मास्तर एवढेच उरलो आहोत. माझ्या नवऱ्याला तू शेवटपर्यंत मास्तरच म्हणत आलास, म्हणून मीही इथे तेच लिहिते. उद्या सकाळी आम्हीही भडगावला निघू. त्याआधी तुझ्याशी थोडं बोलायचं आहे. तू होतास तेव्हा काही गोष्टी मी सांगितल्या नाहीत, काही माझ्याने सांगवल्या नाहीत, आणि एक गोष्ट तर मलाच परवापर्यंत ठाऊक नव्हती.

गावातल्या साप्ताहिकात तुझ्यावर चार ओळी आल्या आहेत. धुळ्यातले जुने फोटोग्राफर, सचोटीचे, मनमिळाऊ. 'मनमिळाऊ' हा शब्द मी मोठ्याने वाचला तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा वहिनीच्या तोंडावर हसू दिसलं. "मान हलली म्हणून मामलेदाराच्या सासऱ्यावर ओरडणारा माणूस," ती म्हणाली, "म्हणे मनमिळाऊ." मग पदराने डोळे पुसून तिने स्टुडिओची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "तू बघून घे काय आहे ते. माझ्याने वर जाववत नाही."

मी वर गेले. उत्तरेच्या उतरत्या छपराच्या काचांवर धूळ बसली आहे, त्यामुळे खोलीतला उजेड तू पडदा ओढून मऊ करायचास तसा आपोआपच मऊ झाला आहे. सागवानी कॅमेरा काळ्या कापडाखाली तसाच उभा आहे. कपाटात, वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते भिंग होतं. हातात घेतलं आणि तिथेच खुर्चीवर बसले. नारळाएवढं पितळी नळकांडं, दोन्हीकडे जाड काचा, कुशीला फोकस करायची एक छोटी खुंटी. कुठेही कुणाचं नाव नाही. एवढ्याशा वस्तूवरून आपण दोघं वीस वर्षांहून जास्त भांडलो.

ते आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बाबा गेल्यापासून तूच घर चालवत होतास, आणि स्टुडिओत बायका फोटोला आल्या की त्यांचे पदर सारखे करायला, त्यांना धीर द्यायला मी असायचे. हळूहळू निगेटिव्हच्या काचा धुणं, त्यांच्यावरून फोटो छापणं हेही मी शिकले. तू जळगावला एका मारवाडी कापूस व्यापाऱ्याच्या मळ्यावर, मेहरूणच्या तळ्याकडे, त्यांच्या सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायला गेला होतास. फोटो झाल्यावर त्या शेटजींनी भांड्यांच्या पेटीतून हे काढून तुझ्या हातात दिलं. "ही दुर्बीण आहे का बघा. आजोबांनी कुठून आणली, कुणालाच ठाऊक नाही. चांदसुद्धा दिसत नाही हिच्यातून." तू त्यातून पाहिलंस आणि म्हणालास, ही दुर्बीण नाही. "मग घेऊन जा," शेटजी म्हणाले, "पेटीत जागा होईल."

तू घरी आलास तो पोराने जत्रेतून यावं तसा. आंघोळीला जायच्या आधी ते देवघरासमोर ठेवलंस. आणि तू आंघोळ करून येईपर्यंत वहिनीने ते चिंच लावून तांब्यासारखं लख्ख घासून ठेवलं. त्याच्यावरचा जुना सोनेरी लेप पार गेला. तू दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीस. ती म्हणत होती, "एवढं काळं पडलेलं देवासमोर कसं ठेवायचं?" मला अजून वाटतं की तिचं बरोबर होतं.

मग त्या भिंगाची परीक्षा सुरू झाली. तू मुंबईच्या एका दुकानाला पत्र लिहिलंस. त्यांनी उलट कळवलं की वस्तू पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ते पोस्टाने पाठवायला तू तयार नव्हतास. म्हणालास, "आपण काय आंधळे आहोत? आपणच बघू." पांढऱ्या धोतरावर धरून आपण काचा तपासल्या. पुढच्या दोन काचा जिथे एकमेकींना चिकटवल्या होत्या तिथे कडेला पिवळट डाग होता. काचेत दोन बारीक बुडबुडे होते. मी म्हणाले, सदोष आहे. तू म्हणालास, जुन्या चांगल्या काचेत बुडबुडे असतातच. तिथूनच आपल्या वादाला सुरुवात झाली.

तू कॅमेऱ्याच्या फळीला नवं भोक पाडून ते बसवलंस. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवली, एक मधोमध आणि चार कोपऱ्यांना चार. फुल प्लेटच्या मोठ्या काचेवर कोपरे कोरेच राहिले, निम्म्या मापाची हाफ प्लेट मात्र पुरी भरली. तेवढं ठीक होतं. पण धुतलेली काच खिडकीशी धरून मी बघितलं तर मथळेसुद्धा नीट लागत नव्हते. अक्षरं होती, पण प्रत्येक अक्षराला उजेडाची साय धरलेली. मधोमधचं पानही तसंच.

"फोकस चुकला," मी म्हणाले.

"नाही चुकला." तू खुशीत होतास. "हे भिंग मुद्दामच असं केलेलं आहे. माणसांसाठी केलंय, वर्तमानपत्रासाठी नाही. बस त्या खुर्चीवर."

नव्या भिंगाच्या, नव्या काचांच्या, नव्या कागदाच्या परीक्षेला नेहमी मीच बसायची. तू चेष्टेने म्हणायचास, "शांतेच्या चेहऱ्यावर बारकावे फार, भिंगाचा कस लागतो." सातव्या वर्षी मला देवी आल्या होत्या. त्यांचे व्रण गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर राहिले. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. तू म्हणायचास तेव्हा मला हसू यायचं, कारण माझ्या तापात एकवीस दिवस उशाशी बसून कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालणारा तूच होतास.

त्या दिवशी तू भिंगाचं टोपण काढलंस, सहा अंक मोजलेस, टोपण लावलंस. दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात छापलेला फोटो तू माझ्या हातात दिलास, आणि मी पाहिलं तर माझ्या चेहऱ्यावर एकही व्रण नव्हता.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, भाऊ. तो फोटो मी दोन दिवस उशीखाली ठेवला होता. जाता येता काढून बघायचे. देवी आल्या नसत्या तर मी अशी दिसले असते, असं मनात यायचं, आणि खूप बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना आरशात बघितलं आणि मला त्या फोटोतल्या बाईचा राग आला. ती रोज माझ्या शेजारी उभी राहणार, आणि रोज मी तिच्यापुढे उणी ठरणार, असं वाटलं. मी फोटो ट्रंकेच्या तळाशी टाकला.

गिऱ्हाइकांत दोन तट पडले. बायकांना ते भिंग आवडलं. शेतकरी मंडळींना नाही. कापडण्याचे एक आबा नवं जरीचं पागोटं बांधून फोटोला आले होते. फोटो हातात घेऊन त्यांनी जवळून पाहिला, लांबून पाहिला आणि तुला विचारलं, "भाऊ, मना पागोटानी जर कोठे गई?" तू त्यांना पुन्हा बसवून जुन्या भिंगाने दुसरा फोटो काढून दिलास. ते गेल्यावर मी हसले तर तू म्हणालास, "पागोट्याला जुनं भिंग. माणसाला हे."

त्याच सुमाराला भडगावहून निरोप आला. तिथल्या शाळेत गणित शिकवणारे एक मास्तर आहेत, धाकट्या भावंडांची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलंय, मुलगी शिकलेली असली तर बघू म्हणतात, आधी फोटो पाठवा. आईने देवाला साखर ठेवली. तू वर जाऊन माझी ती काच काढलीस आणि नवा फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवलास. तेव्हाचं आपलं भांडण मला शब्द न् शब्द आठवतं.

"हा पाठवायचा नाही," मी म्हणाले.

"का? चांगला आलाय."

"ही मी नाही."

"मग खुर्चीवर कोण बसलं होतं? काचेवर पेन्सिल लावून व्रण झाकायचे नाहीत अशी तू मला शपथ घातली होतीस. मी लावली का? काचेवर एक रेघ ओढलेली दाखव. भिंगाला जे दिसलं ते काचेवर आलं."

"मग भिंग खोटं आहे."

"भिंग खोटं नसतं, शांते. कुणी जवळून बघतो, कुणी लांबून. हे लांबून बघतं, एवढंच."

"लग्न झाल्यावर तो माणूस काय लांबून बघणार आहे?"

तू पुठ्ठा खाली ठेवलास. तुझा आवाज चढला नव्हता. उलट तू थकल्यासारखा बोललास. "तुझा खरा चेहरा बघून कोण येणार आहे?"

बोललास आणि तुझं तुलाच कळलं. मला दिसलं ते. पण तू काही सावरून घेतलं नाहीस. दुपारी जेवताना तू माझ्या ताटात भरीत जास्त वाढलंस. मी ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तू बोदवडला लग्नाचा ग्रुप फोटो काढायला जातो म्हणून निघालास. पत्र आणि फोटो पाकिटात घालून टेबलावर ठेवलंस आणि मला म्हणालास, "उद्या अमावास्या आहे. ती टळली की पोस्टात टाक." पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. आईला काही घालायचं असेल म्हणून उघडं ठेवलं होतंस.

तू गेल्यावर मी वर जाऊन बसले. सुरुवातीला मनात काहीच नव्हतं. भिंग हातात घेतलं ते निव्वळ रागाने, याच्यात काय खोट आहे ते एकदा बघू म्हणून. मागची पितळी कडी बांगडीसारखी फिरवली तशी ती निघाली. आत दोन सुट्या काचा होत्या, मध्ये एक पातळ कडी. काचांच्या खरखरीत कडेवर कुणीतरी शिसपेन्सिलीने बाण काढले होते, इतके फिकट की उजेडाकडे तिरपं धरल्यावरच दिसत. एका काचेवरचा बाण पुढे होता. दुसरीवरचा मागे.

मी बराच वेळ त्या बाणांकडे बघत राहिले. मग मला कळलं. हे भिंग मुद्दाम असं केलेलं नव्हतं. कुणीतरी, कधीतरी, पुसायला म्हणून ते उघडलं होतं आणि एक काच उलटी बसवली होती. शेटजींच्या आजोबांनीसुद्धा असेल. मी ती काच फिरवली, दोन्ही बाण एका दिशेला केले, कडी घट्ट केली आणि कॅमेऱ्यामागे काळ्या कापडाखाली शिरले. भिंतीवरचं वर्तमानपत्र अजून तसंच होतं. मधल्या पानावरच्या जाहिरातीतलं बारकं अक्षरसुद्धा मला वाचता आलं, कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं तरीसुद्धा.

मी वहिनीला वर बोलावलं. ती पीठ मळत होती, तशीच हात धुऊन आली. तिला म्हटलं, टोपण काढायचं, सहा मोजायचे, टोपण लावायचं. "मोजू कशी?" तिने विचारलं. मी म्हटलं, राम म्हण सहा वेळा. मी खुर्चीवर बसले. तिने टोपण काढलं आणि इतक्या सावकाश, इतक्या भक्तीने सहा वेळा राम म्हटलं, की काच थोडी जास्तच काळी आली. पण आली ती सुरेख आली. प्रत्येक पापणी वेगळी. कुंकवाची कड. आणि सगळे व्रण, एकूण एक, जागच्या जागी.

वहिनीने तो छापलेला फोटो पाहिला. "हा पाठवणार?"

"हो."

"ह्यांना कळलं तर?"

"तू सांगणार का?"

अमावास्येनंतर पाकीट तिनेच पोस्टात नेऊन टाकलं. तुझा मऊ फोटो मी काढून घेतला होता. त्याच्या जागी माझा घातला, तशाच पुठ्ठ्यावर, आपल्या स्टुडिओच्या त्याच शिक्क्याचा. आणि तू यायच्या आत काच पुन्हा उलटी करून ठेवली. कशी होती तशीच.

पंधरा दिवसांत मास्तर मला बघायला धुळ्याला आले. पाचव्या गल्लीतल्या आपल्या त्या बैठकीत तू इतका घाबरलेला होतास की चहा बशीत ओतताना सांडलास. मास्तरांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, फळ्यावरचं उदाहरण वाचावं तसं, न कचरता. मला काही विचारलं नाही. तुला मात्र विचारलं, "तुमचा स्टुडिओ बघता येईल का?" तू त्यांना वर नेलंस आणि भिंग हातात देऊन त्याची थोरवी सांगितलीस. ते ऐकून मास्तर हसत होते म्हणे. तू खाली येऊन आईला म्हणालास, "माणूस रसिक आहे." संध्याकाळच्या आत होकार आला.

त्या दिवसापासून ते भिंग तुझं दैवत झालं. साक्री, शिरपूर, सोनगीर, कुठून कुठून आया आपल्या मुलींना घेऊन यायच्या आणि तू प्रत्येकीला सांगायचास, "या भिंगाने माझ्या बहिणीचं लग्न जमवलं." मी माहेरी आलेली असले तर पलीकडे एखाद्या मुलीचा पदर सारखा करत असायची. ती मुलगी तुझ्याकडे बघायची आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. एकदा एका मुलीने, तिच्याही गालावर व्रण होते, मला हळूच विचारलं, "अक्का, तुमले देखीसन ते काही बोलनात का?" मी म्हटलं, "काही नाही बोलले. चहा घेतला." ती हसली आणि तुझ्या कॅमेऱ्याकडे वळून नीट बसली.

पहिल्या दिवाळीला मी तुला बाण दाखवले. पाकिटाचं सांगितलं नाही, बाणांचं सांगितलं. तू चष्मा चढवून पाहिलेस, काच फिरवून बसवलीस आणि कापडाखाली शिरलास. खूप वेळ बाहेर आला नाहीस. आलास तेव्हा म्हणालास, "असं बसवलं की फार बोलतं हे."

"पण खरं तेच आहे. बनवणाऱ्याने बाण काढून ठेवलेत."

"बनवणारा कधीच गेला. आता ते माझं आहे." आणि माझ्या देखत काच पुन्हा उलटी केलीस.

दर भाऊबिजेला हा वाद व्हायचा. तू म्हणायचास, चुकून का होईना, पण आता जे झालंय ते चांगलं झालंय. मी म्हणायचे, चूक कळल्यावर ती ठेवायची कशाला? तू म्हणायचास, तुझ्या त्या खऱ्या भिंगापुढे एक बाई बसायची नाही. मी म्हणायचे, मी बसेन. लढाईत काचा मिळेनाशा झाल्या, स्टुडिओ महिनोन् महिने बंद राहिला, तरी वाद चालू होता. खरं सांगू, मला तो आवडायचा. भडगावहून निघताना मी गाडीत बसून नवे मुद्दे काढायची. पण पाकिटाची गोष्ट तुला सांगायची नाही हे मी ठरवलं होतं. सुरुवातीला त्या एका वाक्याच्या रागाने. तू बढाई मारत राहा, खरं काय ते मला ठाऊक आहे, असं मनात म्हणायची. पुढे राग गेला आणि तुझं सुख मोडवेना. तू भडगावला यायचास तेव्हा मास्तरांच्या टेबलावरचा माझा तो फोटो मी आधीच उचलून पेटीत ठेवायची. मास्तर बघायचे आणि काही विचारायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी आले तेव्हा तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ओट्यावर उन्हात बसला होतास. माझ्या पावलांवरून ओळखलंस. "ये. आता मला सगळं आपल्या भिंगासारखं दिसतं. तुझा वाद संपला." मी म्हटलं, ऑपरेशन करून घे, मग पुन्हा सुरू करू. तू हसलास. थोड्या वेळाने म्हणालास, "शांते, तेव्हा मी तुला एकदा बोललो होतो..."

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. "दूध गार होतंय, आधी ते घे," म्हणाले. तू पेला घेतलास, प्यायलास, मग वहिनी आली आणि बोलणं वेगळीकडे गेलं. तुला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. वीस वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. आणि समोर आलं तेव्हा मी भ्याले. तू रडशील असं वाटलं, आणि तुला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आता वाटतं, रडला असतास तर मोकळा झाला असतास. तेवढं मी तुला करू दिलं नाही. ही चूक माझी, भाऊ.

आता परवाची गोष्ट. दिवेलागणीला मास्तर आणि मी ओट्यावर बसलो होतो. वहिनी आत वात लावत होती. मास्तर म्हणाले, "तुझ्या भावाने माझ्याकडून एक वचन घेतलं होतं. आता ते राहिले नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही. तुला बघायला येण्याआधी ते मला भेटले होते."

"कधी? कुठे?"

"भडगावला, शाळेत. दुपारच्या सुट्टीत. कजगाव स्टेशनवरून टांग्याने आले होते, कोट धुळीने भरलेला."

तू बोदवडला गेला नव्हतास.

मास्तर सांगत होते. तू त्यांना म्हणालास, मी धुळ्याचा फोटोग्राफर. बाकी नातं वगैरे काही सांगितलं नाहीस. मग शाळेमागच्या निंबाखाली बसून तासभर भिंगाबद्दल बोललास. जुनं भिंग आहे, नाव नाही, कडा मऊ करतं, बारकावे जातात, माणूस आहे त्याहून वेगळा दिसतो, वाईट दिसत नाही पण वेगळा दिसतो. "मला वाटलं, शाळेला कॅमेरा विकायला आलेत," मास्तर म्हणाले. "दोनदा सांगितलं की शाळेला कॅमेऱ्याची गरज नाही. ते हो म्हणायचे आणि पुन्हा भिंगावर यायचे. घाम पुसायचे. पाणी प्यायचे. काहीतरी बोलायला आले होते आणि ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, एवढं मला कळत होतं. शेवटी टांग्यात चढताना म्हणाले, मी मुलीचा भाऊ. दोन दिवसांत तुम्हाला फोटो येईल. तो बघून हो म्हणू नका. आणि नाहीसुद्धा म्हणू नका. एकदा घरी येऊन बघा. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार आहे. मी आलो होतो हे तिला कधी सांगू नका."

मी म्हणाले, "आणि मग फोटो आला."

"आला. मी मऊ, वेगळ्या फोटोची वाट बघत होतो, आणि पाकिटातून तू निघालीस. मला काही उमगेना. दोन-तीन दिवस विचार केल्यावर उमगलं. तो फोटो त्यांनी पाठवलेला नाही, हे कळलं."

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आणि त्यांच्यासमोर मी फोटो लपवत होते तेही."

"ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी त्यांना वचन दिलं होतं. आणि तूही मला पाकिटाचं कधी सांगितलं नाहीस."

भाऊ, इतकी वर्षं मी मनात एक गोष्ट धरून होते. तुला वाटायचं, तुझ्या भिंगाने लग्न जमलं. मला ठाऊक होतं की माझ्या खऱ्या फोटोने जमलं. तू माझा चेहरा लपवायला निघालास आणि मी तो उघडा केला, आणि जिंकले. या जिंकण्यावर मी खूप जगले आहे. म्हणून मी मास्तरांना विचारलं, "भाऊचा तो दुसरा फोटो आला असता तर तुम्ही आला असता का?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"यायचं मी फोटो येण्याआधीच ठरवलं होतं," ते म्हणाले. "टांगा वळणावरून दिसेनासा झाला तेव्हाच. जिच्यासाठी एक माणूस एवढ्या उन्हातान्हात येतो आणि तासभर बोलून एक शब्द धड बोलू शकत नाही, ती कोण आहे ते मला बघायचं होतं."